सिसिलीतली मार्सालाची जुनी वाइनरी, सासूबाईंना घेऊन जावं का?

म्हापशाची सून
नमस्कार मंडळी, मे महिन्यात आम्ही तिघं सिसिलीला चाललोय, मी, नवरा आणि सासूबाई. मुक्काम पालेर्मोत. नवऱ्याच्या डोक्यात एकच, मार्सालाला जाऊन फ्लोरिओची १८३३ ची वाइनरी बघायची. सासूबाई माळकरी, त्या म्हणतात दारूची भाटी बघायला विमानाने कशाला जायचं, आपल्या सत्तरी तालुक्यात काय थोड्या आहेत? मुद्दा चूक नाही म्हणा. जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडणार, तर खरंच एवढं काय आहे तिथे? आणि न पिणाऱ्या माणसाने करायचं काय?

फोंडेकर
जा वहिनी, बिनधास्त जा. माझी बायकोपण घेत नाही, तरी तिलाच जास्त आवडलं. ती भाटी नव्हे, कोठार आहे. आत शिरलात की लांबच लांब बोळ, वर टोकदार कमानी, दोन्ही बाजूंना ओकची पिंपं आणि पायाखाली फरशी नाहीच, पिवळसर दगडाची चेपलेली भुकटी, त्यामुळे चपलेचा आवाजसुद्धा येत नाही. वास कसा, तर खजूर आणि ओलं लाकूड एकत्र. बायको नुसती वास घेत उभी होती, शेवटी गाईड आमच्यासाठी थांबला.
गोष्टपण मस्त आहे. १७७३ मध्ये जॉन वुडहाऊस नावाचा इंग्रज व्यापारी तिथे आला, तिथली वाइन त्याला आवडली, पण इंग्लंडपर्यंत बोटीत टिकायला हवी म्हणून त्याने तिच्यात स्पिरिट घातलं. म्हणजे पोर्ट वाइनची बहीणच. पुढे इंग्रज नौसेनानी नेल्सनच्या आरमारालाही हीच जायची. फ्लोरिओ साठ वर्षांनी आला. आणि हो, बुकिंग आधी करा.

वाळपईचा
फोंडेकरांनी जरा जास्तच रंगवलंय :) टूर छान आहे पण शेवटी इवलेइवले ग्लास आणि मग दुकान. माझं ऐकाल तर त्याच दिवशी स्तान्योनेची मिठागरं बघा, मार्साला आणि त्रापानीच्या मधे आहेत. पवनचक्क्या, उथळ पाणी, मिठाचे ढीग आणि त्या ढिगांवर चक्क कौलं रचलेली, आपल्या घरावर असतात तशी! आपल्या पेडण्यातल्या आगरवाड्याचं मीठ बघितलेल्या माणसाला तिथून हलावंसं वाटत नाही. फक्त दुपार सांभाळा, म्हापशासारखंच सगळं बंद असतं. आमची बस चुकली, थांबा दुसरीकडे हलवलेला आणि विचारायला रस्त्यावर कुत्रं नाही. तिघं असाल तर गाडीच घ्या.

म्हापशाची सून
मिठागरांचं माहीतच नव्हतं, थँक्यू! ती मार्साला वाइन गोड असते का? नवरा गोड पीत नाही.

बोंडूवाला
दोन्ही असते. लेबलवर सेक्को म्हणजे कोरडी, दोल्चे म्हणजे गोड. आंब्रा नावाची असते तिच्यात द्राक्षाचा रस आटवून घालतात, अगदी काकवी करतात तसा, तपकिरी रंग त्याचाच. नवऱ्याला वेर्जिने घ्यायला सांगा, तिच्यात असलं काही घालत नाहीत आणि ती निदान पाच वर्षं पिंपात असते. आमच्या घरची काजूची भाटी आहे, हुर्राक ही काजूची हलकी दारू तर त्याच मोसमात संपवायची, म्हणून मला हे पाच वर्षं थांबणं ऐकूनच धाप लागते. वुडहाऊस यायच्या आधी तिथले लोक पिंप कधी रिकामंच करत नसत, थोडी काढायची आणि तेवढी नवी ओतायची, आपलं विरजण चालतं तसं वर्षानुवर्षं.
बाटल्या हँडबॅगेत चालणार नाहीत, चेक-इनमध्ये कपड्यांत गुंडाळून टाका. भारतात माणशी दोन लिटर ड्यूटीशिवाय आणता येते, म्हणजे सासूबाई पीत नसल्या तरी त्यांच्या नावावर दोन लिटर आहेतच.

म्हापशाची सून
मिठागरांचे फोटो दाखवले, सासूबाई तयार झाल्या, कौलं बघून तर म्हणाल्या हे आपल्या पेडण्यातलंच आहे. गाडी बुक करतोय. दोन लिटरचं अजून सांगितलेलं नाही.