मदत हवी आहे: दोन वरिष्ठ आणि दोघांचंही काम 'अर्जंट'

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. काम भरपूर आहे, पण त्याची तक्रार नाही. डोक्याला ताप वेगळाच आहे. मला दोन वरिष्ठ आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. एक सकाळी म्हणतो, "आधी रिपोर्ट दे." दुपारी दुसरा विचारतो, "प्रेझेंटेशन कुठंय?" रात्री मेसेज येतो, "घाई नाही, जमलं तर बघ." याचा अर्थ सकाळी तयार पाहिजे, हे सगळ्यांनाच ठाऊक! हल्ली फोन वाजला नाही तरी हात तिकडे जातो, झोपही नीट लागत नाही.

थोडं वाचलं. कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट करासेक यांनी 1979 मध्ये मांडलं होतं की कामाचा रेटा जास्त आणि निर्णयाची मोकळीक कमी, ही जोडी सर्वांत त्रासदायक. अगदी माझंच वर्णन. ऑफिसने ध्यानाचं सत्र ठेवलंय. चांगलंच आहे, पण डोळे उघडले की दोन्ही मेल समोरच असतात.

दोघांनाही एकाच मेलमध्ये घेऊन "यातलं आधी कुठलं करू?" असं विचारावं का? की त्यांना ते उर्मटपणाचं वाटेल? रात्रीच्या मेसेजला सकाळीच उत्तर द्यायची सवय कुणी लावली असेल, तर सुरुवात कशी केली? आणि एचआरकडे कधी जावं? "वेळेचं नियोजन कर" हे कृपया नको, ते ऐकून कान किटलेत. अशाच कात्रीत सापडलेल्यांनी नेमकं काय केलं, ते सांगा.