मदत हवी आहे: .३२ पिस्तूल जवळ बाळगताना गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तो कप्पा) ठेवावी का?

खाडीकाठ:
परवाना रीतसर आहे. पिस्तूल .३२, जुनं, बाहेर दिसणारा घोडा, सिंगल ॲक्शन (म्हणजे घोडा आधी चढवलेला असेल तरच चाप दाबून बार होतो), अंगठ्याची सेफ्टी. आंब्याच्या हंगामात देवगड-कणकवली रस्त्याने मजुरीची रोकड घेऊन स्कूटरवर फिरावं लागतं. सध्या मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामा. जाणकार म्हणवणारे दोघे सांगतात, वेळ आली तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, तो मागे ओढून सोडला की गोळी चेंबरमध्ये चढते) ओढायला सवड मिळत नाही, गोळी चढवूनच ठेव. घरात लहान मुलं आहेत. 'शस्त्रच कशाला हवं' हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

कातळसडा:
या पिस्तुलात चेंबर रिकामाच बरा. गोळी चढवली की सिंगल ॲक्शनला दोनच वाटा उरतात. एक, घोडा चढवून सेफ्टी लावायची. जुन्या पिस्तुलाची सेफ्टी झिजून ढिली पडलेली असू शकते, होल्स्टरला घासून कधी सुटली ते कळतही नाही. दुसरी वाट, भरल्या चेंबरवर अंगठ्याने घोडा अलगद उतरवायचा. त्यासाठी चाप दाबून धरावा लागतो, अंगठा निसटला की बार! एप्रिलात आपल्याकडे कोरडा अंगठा कुणाचा असतो? आणि अर्धा चढवलेला घोडा म्हणजे सेफ्टी नव्हे, तिथली खाच मोडू शकते.

आजच्या बऱ्याच पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) अडवणारी कळ असते, चाप पूर्ण दाबल्याशिवाय पिन पुढे सरकत नाही. जुन्यांत ती बहुधा नसते. स्कूटर घसरून पिस्तूल नळीच्या तोंडावर आपटलं तर पिन आपल्याच वजनाने प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली, ठोका बसला की पेटणारी टोपी) बसू शकते.

खाडीकाठ:
मग सवडीचं काय?

बारा_बोअर:
ते दोघे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. स्लाइडला दोन हात लागतात. एक हात हँडलवर किंवा समोरच्याला ढकलण्यात गुंतला तर पिस्तुलाचा उपयोग हातोडीएवढा. घाईत स्लाइड अर्धीच ओढली जाते, नाहीतर पुढे जाताना हात तिच्यावरच राहतो, आणि गोळी तिरकी अडकते. पूर्ण मागे ओढून सोडून द्या, पुढचं काम स्प्रिंगचं. सराव डमी काडतुसांवर, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत.

एवढी मेहनत नको असेल तर रिव्हॉल्व्हर पाहा. जुन्या बनावटीचं सहाबारी असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच भरा. चाप ओढताच चक्र फिरून भरलेलं घर समोर येतं, वेळ जात नाही.

लाल_माती:
खरा धोका भरताना आणि रिकामं करताना. आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड ओढा. उलट केलंत तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत ढकलते. मग मॅगझिन काढून माणूस निर्धास्तपणे चाप दाबतो. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये करंगळी घालून बघायची. लाइट गेलेली असली तरी करंगळीला कळतं. बाहेर पडणारी गोळी तळहातावर झेलू नका, गोधडीवर पडू दे.

रोज तीच गोळी चढवली-उतरवली की तिचं टोक पितळी केसमध्ये मागे दबतं. आतली जागा कमी, म्हणजे बार होताना दाब जास्त. काडतूस .३२ एसीपी जातीचं असेल तर लांबी साधारण २५ मिमी. नव्या काडतुसाशेजारी उभं करा, बुटकं दिसलं तर वापरायचं नाही. याच काडतुसाच्या बुडाला किंचित कड असते. मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे हवी. मागे राहिली की कडेत कड अडकते आणि मॅगझिन तिथेच गपगार.

कातळसडा:
होल्स्टर ताठ आणि चाप पूर्ण झाकणारं घ्या. मऊ पिशवीत चाप बाहेरूनही दाबला जातो. पिस्तूल परत आत घालताना घाई कसली? पावसाळ्यात रेनकोटची नाडी चापाच्या कड्यात जाते आणि आपणच ढकलत राहतो. घरी मात्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. खाऱ्या हवेतला ओलावा चामडं धरून ठेवतं, पोलादाला तांबेरा आणि पितळेला हिरवट थर. पिस्तुलाला तेलाचा पुसट हात पुरे, काडतुसांना तेल अजिबात नाही. प्रायमरमध्ये झिरपलं की बार फुसका. मुलांसाठी: पिस्तूल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

२०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम ३२ सांगतो की सार्वजनिक जागी शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. डिकीत ठेवून चहाला जाणं यात बसत नाही.

खाडीकाठ:
सेफ्टी झिजलीय का, हे कसं ओळखू?

बारा_बोअर:
मॅगझिन बाहेर, चेंबर करंगळीने तपासून, नळी सुरक्षित दिशेला. घोडा चढवा, सेफ्टी लावा, चाप चांगला जोर देऊन दाबा आणि सोडा. आता चापाला बोट न लावता सेफ्टी काढा. घोडा जागचा हलता कामा नये. मग चाप दाबा, तेव्हाच पडायला हवा. सेफ्टी काढताना पडला तर पिस्तूल वापरायचं बंद, थेट परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे. कानस घेऊन घरी बसू नका.