स्कॅन केलेली मराठी पुस्तकं एनव्हीडीए वाचत नाही, काय करावं?

कळवा_वाचनालय
आमचं शासनमान्य 'क' वर्ग वाचनालय आहे. अंध सभासद बहुतेक फोनवर टॉकबॅक वापरतात, वाचनालयातल्या संगणकावर एनव्हीडीए आहे (दोन्ही पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे प्रोग्राम). जुन्या कादंबऱ्या स्कॅन करून पीडीएफ केल्या, तर एनव्हीडीए गप्पच. एका प्रकाशकाने डीटीपीची (छपाईसाठी संगणकावर जुळवलेली) पीडीएफ दिली, ती वाचतं, पण सगळी रोमन अक्षरांची गिचमिड. दोन्हीत नेमकं काय बिघडलंय? ब्रेल छापायचं यंत्र घ्यावं का? आणि प्रत्येक लेखकाची परवानगी काढावी लागेल का?

लिपीशोधक
पहिल्या फाइलमध्ये अक्षरं नाहीतच, नुसते फोटो आहेत. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करणं) करावं लागेल. टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्राम फुकट आहे, मराठीची भाषा-फाइल वेगळी उतरवून घ्या. स्कॅन ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केल (करड्या छटांत). बारीक टाइप असेल तर ४००. निव्वळ काळं-पांढरं करू नका, अनुस्वार उडतात. पिवळ्या, पातळ कागदावर मागची छपाई दिसते, म्हणून पानामागे काळा कागद सरकवा. शिवणीजवळ ओळी वाकतात तिथे काच दाबून धरा, नाहीतर प्रत्येक ओळीतला शिवणीकडचा शब्द जातो. पानं सुटी आणि सरळ करायला स्कॅन टेलर हा प्रोग्राम बरा.

दुसरी फाइल जुन्या फॉन्टची, श्री-लिपी किंवा डीव्हीबी-टीटी घराण्यातली. पडद्यावर 'क' दिसतो, आत साठवलेला असतो रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा कोड. युनिकोड परिवर्तक (जुन्या फॉन्टचा मजकूर खऱ्या देवनागरी अक्षरांत बदलणारा प्रोग्राम) वापरा, पण तो नेमक्या त्याच फॉन्टचा हवा. आधी एकच पान करून 'ऱ्य', 'ॲ', रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तपासा, गडबड होते ती तिथेच. जमलं नाही तर त्याच पीडीएफची पानं चित्र म्हणून काढून ओसीआर करा. छपाई स्वच्छ असल्याने निकाल जुन्या कादंबरीपेक्षा कितीतरी चांगला येतो.

ऐरोली_ग्रंथपाल
परवानगीचं आधी. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ५२(१)(झेडबी) आलं. त्यामुळे दिव्यांगांना वाचता येईल अशी प्रत संस्थांना लेखकाच्या परवानगीशिवाय करता येते. त्यातल्या 'संस्था' या शब्दात शासनमान्य ग्रंथालयही धरलंय, म्हणजे तुम्ही बसता. अटी अशा: नफा नाही, घेतलाच तर निर्मितीचा खर्च, आणि प्रत फक्त दिव्यांग वाचकाकडेच जाईल याची काळजी. त्यामुळे फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. सभासदाच्या नावावर नोंद करून द्या.

आणि स्कॅनला हात लावण्याआधी सुगम्य पुस्तकालय या दिव्यांगांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा. ते २०१६ पासून चालू आहे. डेझी फोरम ऑफ इंडियाच्या (अंधांसाठी पुस्तकं करणाऱ्या संस्थांचा गट) सदस्य संस्थांनी केलेली पुस्तकं तिथे मिळतात. तयार पुस्तक पुन्हा करण्यात अर्थ नाही.

कानसेन
ओसीआर झालं म्हणजे पुस्तक झालं असं समजू नका. खरा वेळ मुद्रितशोधनात जातो. 'घर'चं 'धर' आणि 'भाग'चं 'माग' होतं. दोन्ही खरे शब्द, त्यामुळे स्पेलचेक मुकाट्याने सोडून देतो. सोपी रीत म्हणजे फाइल संगणकाला वाचायला लावायची आणि दुसऱ्याने छापील पुस्तकावर बोट ठेवून ऐकायचं. नजरेला निसटतं ते कानाला लगेच खटकतं.

मग वर्डमध्ये: ओळीच्या शेवटचे परिच्छेद-खंड (एंटर) काढा (नाहीतर आवाज दर ओळीला अडखळतो), ओळीच्या शेवटी रेघ देऊन तोडलेले शब्द जोडा, पानोपानी येणारं पुस्तकाचं नाव उडवा. पण मूळ पृष्ठक्रमांक ठेवा, विद्यार्थ्यांना संदर्भ द्यावे लागतात. प्रकरणांना 'हेडिंग १' शैलीच द्या. नुसता ठळक टाइप डोळ्यांना शीर्षक वाटतो, एनव्हीडीएला नाही, आणि वाचकाला प्रकरणावर उडी मारता येत नाही. भाषा 'मराठी' लावा. शेवटी डेझी कन्सॉर्शियमचं फुकट 'वर्ड-टू-ई-पब' चालवलं की फोनवर चालणारं ई-पब (ई-पुस्तकाची फाइल) हातात.

शब्दध्वनी
कवितासंग्रह मात्र माणसाने वाचून ध्वनिमुद्रित केलेलाच बरा. पंखा बंद, मोनो, ६४ केबीपीएस एमपी३, म्हणजे तासाला साधारण २९ एमबी. एका प्रकरणाची एक फाइल. सुरुवातीला पुस्तक, लेखक, प्रकाशक, वर्ष. नाट्यवाचन नको, सपाट आणि स्पष्ट.

कानसेन
कवितेपुरतं मान्य. संदर्भग्रंथ मात्र मजकूर-फाइलच हवी, त्यात शब्द शोधता येतो आणि नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर ऐकता येतं.

ऐरोली_ग्रंथपाल
ब्रेल यंत्राची घाई नको. फाइल शुद्ध असेल तर ब्रेल बाहेरून छापून घेता येतं. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतात, तेव्हा कपाटाची जागा आधी मोजा. खंड उभे ठेवा. आडवे रचले की खालचे ठिपके दबतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात लवकर. सभासद लांब राहत असेल तर टपालाने पाठवा. अंधांसाठीच्या साहित्याच्या पाकिटाला ७ किलोपर्यंत पोस्टेज लागत नाही, मात्र पाकीट उघडून तपासता येईल असं बांधा.

कळवा_वाचनालय
अल्पदृष्टी सभासदांना मोठ्या टाइपात छापून दिलं तर?

लिपीशोधक
त्याच वर्ड फाइलमधून निघतं. सर्वसाधारण माप १८ पॉइंट. देवनागरीत मात्रा-अनुस्वार बारीक होतात म्हणून माझं मत २० चं. जाड रेघेचा साधा फॉन्ट, ओळींत दीडपट अंतर, कागद चकचकीत नको. उजवी बाजू समान करू नका, शब्दांमधली अंतरं फाटतात.