सरांबद्दल बोलायचंय, कास्तकारांना पटेल असं काय सांगू?

नमस्कार मंडळी. आमचे एमकॉमचे सर मागच्या महिन्यात गेले. रविवारी गावात श्रद्धांजली सभा आहे अन् मला बोलायला सांगितलंय. नुसतं 'थोर शिक्षक' म्हणून बसून जायला मन तयार नाही. आम्ही सस्टेनेबिलिटी (निसर्ग टिकवून धंदा करणं) म्हणजे सीएसआर (कंपन्यांचा समाजकामावरचा खर्च), वृक्षारोपण असं पाठ करून गेलो की सर म्हणायचे, २०१३च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले २ टक्के खर्चायला लावले, ते २ नंतर सांगा, आधी बाकीचे ९८ कसे कमावले ते सांगा. समोर सगळे कास्तकार असतील, कसं मांडू?

पऱ्हाटी
ताई, कापसाचंच सांगा. सर आम्हाला जिनिंगवर घेऊन गेले होते. क्विंटलभर कापसातून रुई ३४-३५ किलो, बाकी बहुतेक सरकी, आम्ही रुई, तेल, ढेप सगळ्याचा हिशोब मांडून खुशीत वही दिली. सरांनी पान उलटून पाहिलं अन् विचारलं, यात माती कुठं आहे? शेणखत बंद झालं, युरियाचं पोतं वाढलं, तो खर्च जिनिंगच्या वहीत येतच नाही, वावरावर पडतो. तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही माझ्या.

वर्धेकर
हे आपण गांधीजींचे सहकारी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या विचारातून शिकलो असं सर स्वतःच सांगत. १९३४ साली कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ निघाला तो वर्धेतच, मगनवाडीत, तिथं नेलं होतं आम्हाला. मधमाशी मध नेते पण फुलाला फळ धरवून जाते, धंदा असा पाहिजे, हे त्यांचं उदाहरण सरांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल.

संत्रावाला
मी त सरासंग भांडलो होतो. म्हटलं, हप्ता थकला असताना कास्तकारानं माती पाहाव का पोट? सर गप्पच. पुढच्या रविवारी एसटीनं आमच्या वावरात आले, मे महिन्याचं ऊन, हातात नारळी दोर. दगड बांधून विहिरीत सोडला, पाणी लागलं तिथं गाठ मारली. म्हणे, उत्तर माह्याजवळ बी नाही, पण दरसाल मोज. पाच वर्सं मोजलं, गाठ खालीच चालली. मंग संत्रा वाढवाचा बेत सोडला, तिथं कमी पाण्याची तूर पेरली. लय उपकार हायेत मायावर.

प्रश्नकर्ती
दादा, तो दोर आहे का अजून?

संत्रावाला
हाये, पाची गाठी तशाच हायेत. रविवारी घेऊन येतो.