शून्य, शून्यता, पोकळी, अभाव: हे एकाच माळेचे मणी आहेत का?

कोरी पाटी

गेल्या महिन्यात एकच मजकूर माझ्याकडे तीन गटांतून आला. थोडक्यात असा: अणू ९९.९९ टक्के पोकळ असतो, म्हणजे जग मुळात पोकळच आहे; बुद्धांनी हेच शून्यता म्हणून सांगितलं आणि त्यातूनच गणितातलं शून्य निघालं. तीन वाक्यांत भौतिकशास्त्र, तत्त्वज्ञान आणि गणित यांची एकच मोट बांधलेली. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना यात काहीतरी उदात्त दिसतं. मला मात्र हे फार खटकतं. का खटकतं ते नीट मांडावं म्हणून हा धागा काढला.

आधी अणू. रदरफोर्डने १९११ मध्ये अणुकेंद्राची कल्पना मांडली. अणुकेंद्राचा व्यास अणूच्या व्यासाच्या साधारण एक लाखांश असतो, इथपर्यंत खरं. पण उरलेली जागा 'रिकामी' म्हणायची, तर इलेक्ट्रॉन म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहासारखा बारीक गोळा, असं मानावं लागतं. ते चित्र १९२० च्या दशकातच मागे पडलं. इलेक्ट्रॉनचा तरंग अणूभर पसरलेला असतो. भिंतीवर तळवा टेकवला तर तो आरपार जात नाही, कारण तळव्यातल्या आणि भिंतीतल्या या पसरलेल्या इलेक्ट्रॉनांना एकमेकांच्या जागेत शिरता येत नाही. अणूत रिकामी खोली शोधायला गेलात तर ती सापडणार नाही.

आता शून्यता. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथात, चोविसाव्या प्रकरणात, स्पष्ट म्हटलंय की जो प्रतीत्यसमुत्पाद, त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. म्हणजे प्रत्येक गोष्ट इतर कारणांवर टेकून उभी आहे, तिला स्वतःचा असा स्वयंभू स्वभाव नाही. या अर्थाने शिशाचा भरीव गोळाही शून्य आहे, आणि निर्वात नळीइतकाच शून्य आहे. उद्या अणू ठासून भरलेला निघाला तरी नागार्जुनाच्या युक्तिवादाला टाचणीएवढाही धक्का लागणार नाही. मग त्याला अणूचा टेकू द्यायचाच कशाला?

आणि गणितातलं शून्य ही एक संख्या आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली तिचे नियम लिहिले: समान धन आणि ऋण यांची बेरीज शून्य, शून्य मिळवलं तर संख्या बदलत नाही, वगैरे. 'त्यातूनच निघालं' म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की नागार्जुनाच्या आधीच्या मानल्या जाणाऱ्या पिंगलाच्या छंदशास्त्रात 'शून्य' हा शब्द हिशोबातली खूण म्हणून येतो.

माझं म्हणणं एवढंच: शब्द एक आहे, वस्तू वेगळ्या आहेत. एकत्र कालवल्या की प्रत्येकीची धार जाते.

घटाकाश

तुमचा अणूचा मुद्दा मान्य. पुढचं सगळं नाही.

तुम्ही आजच्या विद्यापीठातले कप्पे जुन्या लोकांच्या डोक्यात घालता आहात. शून्य ही संख्या श्लोकात सांगताना आपले गणिती कोणते शब्द वापरत? ख, गगन, अंबर, व्योम. आणि 'पूर्ण'सुद्धा! शून्याला पूर्ण म्हणणाऱ्या माणसाला आकाश, रितेपण आणि भरलेपण यांत काही नातं दिसत नव्हतं, असं मी मानणार नाही. भास्कराचार्य बीजगणितात खहर, म्हणजे शून्याने भागून येणाऱ्या राशीबद्दल लिहितात की तिच्यात काही मिळवलं किंवा तिच्यातून काढलं तरी ती बदलत नाही. जसं प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी भूतगण आत शिरले, बाहेर पडले, तरी अनंत अच्युत तसाच राहतो. हे लिहिणारा माणूस भोळा भाविक नव्हता, अव्वल गणिती होता. नातं त्याने स्वतः जोडलंय.

आणि आजचं भौतिकशास्त्रही 'वस्तू' म्हणून कुठे काय शिल्लक ठेवतं? कण म्हणजे अवकाशभर पसरलेल्या क्षेत्रातली (फील्ड) हालचाल. स्वयंभू गोळी नाहीच. यात नागार्जुन दिसला तर चुकलं कुठे?

कोरी पाटी

भास्कराचार्यांचं उदाहरण सुंदर आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. खहर म्हणजे ज्याचा हर शून्य आहे अशी राशी. ती शून्य नाही, तिला ते अनंत म्हणतात. अच्युताची उपमा अनंताला दिली आहे, रितेपणाला नाही. 'शून्याबद्दल काहीतरी गूढ' एवढंच लक्षात ठेवलं की नेमका हा फरक हातून निसटतो.

पंपवाला

मी गेली अकरा वर्षं अतिनिर्वात कक्षांवर काम करतो. या वादात माझ्या हातातली गोष्ट सांगतो.

पोकळी 'असते' असं लोक बोलतात. आमच्याकडे ती करावी लागते. पोलादी कक्ष बंद करायचा, आधी साधा पंप, मग टर्बो पंप. काही तासांत दाब उतरतो आणि एका जागी अडून बसतो, कारण भिंतींना चिकटलेलं पाणी सुटत राहतं. मग सगळ्या कक्षाला तापपट्ट्या गुंडाळायच्या, वरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, आणि दीडशे अंशांवर दोन-तीन दिवस भाजायचं. आतल्या भागावर एकाच्या बोटाचा ठसा राहिला होता, तेव्हा आमचा आख्खा आठवडा गेला. बोटावरचं तेल सावकाश वाफ होत राहतं आणि मापकाचा काटा खाली येतच नाही.

एवढं करून १०⁻¹⁰ मिलिबार गाठलं की आम्ही खूश. त्या 'पोकळी'तल्या एका घन सेंटीमीटरमध्ये तरीही साधारण २४ लाख रेणू असतात, बहुतेक हायड्रोजन, तोही पोलादातूनच झिरपलेला. ताऱ्यांमधल्या अवकाशात सरासरी घन सेंटीमीटरला एखादा अणू. तिथेही विश्वाच्या पार्श्वप्रारणाचे, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या प्रकाशाचे, चारशेच्या वर फोटॉन प्रत्येक घन सेंटीमीटरमध्ये आहेतच. टोरिचेलीने १६४४ च्या सुमारास पाऱ्याची नळी उलटी केली, पारा ७६ सेंटीमीटरवर थांबला आणि वर जी जागा उरली ती पाहून लोकांनी निसर्गात पोकळी असू शकते की नाही यावर रान उठवलं. त्या जागेतही पाऱ्याची वाफ होती.

शेवटचा रेणू, शेवटचा फोटॉन काढला असं मानू. तरी क्षेत्रं उरतात. दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ आणल्या तर पोकळीतही एकमेकींकडे ओढल्या जातात, हे कॅसिमिरने १९४८ मध्ये गणिताने सांगितलं आणि १९९७ मध्ये ते नेमकेपणाने मोजलं गेलं. म्हणून घटाकाश, तुमच्या शेवटच्या मुद्द्याकडे माझा थोडा कल आहे. पण क्षेत्राला स्वभाव आहे, पक्का. त्याची समीकरणं आहेत. नागार्जुन क्षेत्रालाही सोडणार नाही.

अनुयोगी

या सगळ्यांत समान काय, याचं उत्तर न्याय-वैशेषिक या जुन्या दर्शनांनी देऊन ठेवलंय आणि आपण ते विसरलो आहोत.

त्यांचं नेहमीचं उदाहरण: जमिनीवर घट नाही. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनवाले, म्हणतात, हा अभाव हाही एक पदार्थच (असलेल्या गोष्टींचा एक मूळ प्रकार) आहे, सातवा. पण अभाव कधी नुसता नसतो. त्याला दोन टोकं लागतात. जो नाही तो प्रतियोगी, इथे घट. जिथे नाही तो अनुयोगी, इथे जमीन. ही दोन्ही सांगितल्याशिवाय 'नाही' हा शब्द अर्धवट आहे. अजून व्हायचा आहे तो प्रागभाव, फुटून गेला तो प्रध्वंसाभाव, घट म्हणजे पट (कापड) नव्हे हा अन्योन्याभाव, आणि वाऱ्याला रंग नाही हा अत्यंताभाव.

आता लावून बघा. पंपवाल्यांच्या कक्षात प्रतियोगी रेणू, अनुयोगी कक्ष. नागार्जुनाकडे प्रतियोगी स्वभाव, अनुयोगी झाडून सगळं. कोरी पाटी म्हणतात वस्तू वेगळ्या, ते बरोबर, कारण प्रतियोगी वेगळे. घटाकाश म्हणतात नातं आहे, तेही आहे, पण ते व्याकरणाचं. द्रव्याचं नव्हे.

(यावरही भांडण आहेच. मीमांसा दर्शनातले प्रभाकराचे अनुयायी म्हणतात अभाव वगैरे वेगळं काही नाही, तुम्हाला फक्त मोकळी जमीन दिसते. मला ते पटत नाही. मोकळी जमीन आणि घट नसलेली जमीन हे दोन वेगळे अनुभव आहेत.)

नववी मात्रा

तबला शिकते, तेवढ्यापुरतं लिहिते. तीनतालात नवव्या मात्रेला खाली. नाव खाली, टाळी नाही, हात नुसता बाजूला उघडतो. सुरुवातीला मला वाटायचं तिथे काहीतरी वगळलंय. पण बोल चालूच असतात. फक्त पुढच्या काही मात्रा डग्ग्याची घुमारदार 'ग' बंद होते, धा चा ता होतो. आणि त्यावरूनच ऐकणाऱ्याला कळतं की आपण आवर्तनाच्या मध्यावर आहोत आणि सम (पहिली मात्रा) आठ मात्रांवर आहे. खाली ही उणीव नाही, ती वाट दाखवणारी खूण आहे. अनुयोगी, यातला प्रतियोगी म्हणजे डग्ग्याची घूम, बरोबर ना?

अनुयोगी

अगदी.

उंबरठा

मी यातली जाणकार नाही. जमीन आणि घट वाचून लिहावंसं वाटलं.

आई जाऊन सात महिने झाले. रोज रात्री साडेनऊला तिचा फोन यायचा. बोलायला विशेष नसायचं, जेवलीस का, दार लावलंस का. अजूनही साडेनऊच्या आसपास मी भांडी घासताना नळ बारीक करते. फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून हाताला लागलेली सवय. शेजारच्या खोलीत नवरा असतो, मुलगा असतो. त्यांच्यासाठी ती साधी शांतता आहे. माझ्यासाठी त्या शांततेला आईचा आकार आहे.

आपल्याकडे घर मोकळं असतं, रिकामं असतं आणि सुनं असतं. सुनं हा शब्द शून्यातूनच आलाय. मोकळ्या घरात श्वास घेता येतो. सुन्या घरात कोण नाही ते माहीत असतं.

कोरी पाटी

उंबरठा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मी चार वस्तू मोजत बसले होते, ही पाचवी माझ्या यादीत नव्हती.

अनुयोगींचं व्याकरण मी स्वीकारते. यापुढे तो मजकूर आला तर 'खोटं आहे' म्हणण्याऐवजी 'काय नाही, आणि कुठे नाही?' एवढंच विचारेन. पण गणिती शून्य त्यात बसत नाही, यावर मी ठाम आहे. पाच वजा पाच लिहिताना मी पाच कशाचे ते सांगितलेलंच नाही. रिक्त संच तर आणखी स्पष्ट: त्यात काही नाही, तरी तो स्वतः एक संच आहे, आणि त्याच्यापासून सुरुवात करून सगळ्या नैसर्गिक संख्या उभ्या करता येतात.

घटाकाश

व्याकरण मलाही आवडलं, पण ते एका ठिकाणी अडतं. विश्व नव्हतं तेव्हा काय नव्हतं? प्रतियोगी सगळंच, ठीक. अनुयोगी कोण? 'कुठे' हेच नाही. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताची सुरुवातच अशी आहे की तेव्हा असत् नव्हतं आणि सत् ही नव्हतं. म्हणजे तो ऋषी 'काहीच नव्हतं' असंही म्हणायला तयार नाही. तुमची दोन टोकं त्याला पुरली नाहीत म्हणूनच ना?

अनुयोगी

पुरली नाहीत, हे कबूल. नैयायिकही तिथे काळ आणि आकाश नित्य मानून सुटका करून घेतो, म्हणजे त्याला जमीन लागतेच. नागार्जुन ती जमीनही काढून घेतो, आणि वर बजावतो की शून्यता हीच दृष्टी धरून बसलेल्यांना असाध्य म्हटलंय. मी अजून जमिनीवरच आहे. नासदीय सूक्त आज रात्री पुन्हा वाचतो.