'माउंट करणे'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आत्याकडे जुन्या सीडीची आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची एकाच फाइलमधली नक्कल) आहे, लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. फोनवर सांगितलं, "राइट क्लिक करून माउंट कर." ती म्हणाली, "म्हणजे उघडायची ना रे?" मी हो म्हणालो. तिने 'ओपन विथ'मध्ये जाऊन नोटपॅड निवडलं आणि पडदाभर अगम्य खुणा आल्या. चूक माझ्या 'हो'ची होती. उघडणे नाही, तर मग काय? 'आरोहित करणे' मला बोलवत नाही.

प्रतिसाद
'चढवणे' म्हणा. तोच मूळ अर्थ आहे. पूर्वी मोठ्या संगणकांवर टेपचं रीळ माणूस हाताने यंत्रावर चढवायचा, त्यालाच माउंट म्हणत. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतही ही आज्ञा आहे. (उतरवण्याची आज्ञा 'यूमाउंट', मधला 'न' गाळलेला.) आज हात लावायला रीळ नाही, पण घडतं तेच: फाइल जागच्या जागीच राहते आणि संगणक तिला खरी तबकडी समजून नवं ड्राइव्ह-अक्षर देतो. विंडोज ८ पासून यासाठी वेगळा प्रोग्राम लागत नाही.

आपण तानपुऱ्याला तार चढवतो, तबल्यावर पुडी चढवतो. चढवलेली वस्तू वापरायला सज्ज होते आणि पुढे उतरवताही येते. 'उघडणे'त हे दोन्ही नाही. 'जोडणे' चालेल, मॅकवरच्या एका आज्ञेत 'अटॅच' आहेच, पण जोडायला वायर, प्रिंटर, पेनड्राइव्ह, सगळंच येतं.

बडोद्यात आणखी एक कसोटी लावावी. संस्थानाने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' काढला तेव्हा कारभाराच्या शब्दांसाठी मराठी आणि गुजराती प्रतिशब्द शेजारी-शेजारी ठेवले. 'चढवणे' शेजारच्या गुजराती काकूंनाही न सांगता कळेल.

प्रतिसाद
आणि आयएसओसारख्या फाइलला 'इमेज' म्हणतात, तिला 'प्रतिमा' नको. प्रतिमा म्हटलं की देव किंवा फोटो डोळ्यांपुढे येतो. ही तबकडीची सेक्टर-दर-सेक्टर (सेक्टर म्हणजे तबकडीवरचा माहितीचा ठरावीक तुकडा) नक्कल आहे, म्हणून 'ठसा'. तयार करण्याला 'ठसा पाडणे'. बडोद्याच्या टाकसाळीत बाबाशाही रुपये पाडत, इथल्या गुजरातीत फोटोही पाडतात. क्रियापद हाताशी असताना 'निर्मित करणे' कशाला?

प्रतिसाद
'कन्व्हर्ट'बद्दल मात्र 'बदलणे' टाळा, कारण लोक नाव बदलतात. माझ्याकडे एकाने .बिन फाइलच्या (सीडीच्या नकलेचाच दुसरा प्रकार) नावात .बिनचं .आयएसओ केलं आणि फाइल बिघडली म्हणून आला. बिन फाइलमध्ये बहुधा तबकडीचा अख्खा सेक्टर असतो, २३५२ बाइटचा. साध्या डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइट आपल्या माहितीचे, उरलेले ३०४ जुळवणी आणि चूक-दुरुस्तीचे. आयएसओत फक्त २०४८ चे तुकडे सलग हवेत. म्हणजे प्रत्येक सेक्टर सुपात घेऊन पाखडायला हवा. नाव बदलून सूप हलत नाही. 'रूपांतर' हाच शब्द योग्य.

गाण्याच्या सीडीचं तर आयएसओत रूपांतर करूच नये. तिथे २३५२ च्या २३५२ बाइट आवाजच असतो, पाखडून टाकायला काही नसतं, आणि त्या ट्रॅकना आयएसओत जागा नाही. बिन आणि सोबतची क्यू फाइल, दोन्ही जपून ठेवा. कोणतं गाणं कुठे सुरू होतं हे क्यूमध्येच लिहिलेलं असतं. घरच्या मैफलींच्या सीडी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे आजच तपासावं, मी कळकळीने सांगतो.

प्रश्नकर्ता
आत्याला आज पुन्हा फोन केला. म्हटलं, "फाइलवर राइट क्लिक कर, यादीत माउंट दिसेल, म्हणजे सीडी चढवायची." लगेच जमलं, 'दिस पीसी'त नवा ड्राइव्ह दिसला. पुढचा प्रश्न तिचाच: "मग काम झालं की उतरवू कशी?" ड्राइव्हवर राइट क्लिक, इजेक्ट.