दुष्काळात ॲरिझोनाची एल्क शिकार: पाणवठ्यावर बसू की फिरू?

दहा-बारा वर्षं अर्ज भरून अखेर युनिट 9 या शिकार विभागात धनुष्यबाणाने एल्क (मोठं हरीण) मारायचा सप्टेंबरचा टॅग, म्हणजे सोडतीतला परवाना, लागला आणि नेमका पाऊस दडी मारून बसलाय. परवा ग्रँड कॅन्यनजवळच्या टुसायन गावाच्या दक्षिणेला फिरून आलो. नकाशावरच्या पाच तळ्यांपैकी तीन कोरडी, चौथ्यात गुडघाभर चिखल. पाचव्याच्या काठावर मात्र खुरांचे ठसे इतके की पाय ठेवायला जागा नाही. तिथेच मचाण टाकून बसू का? ट्रेल कॅमेरा (जनावर आलं की आपोआप फोटो काढणारा) तर शिकारीसाठी कायद्याने लावता येत नाही.

उत्तर १
बसा, पण तंबू तिथे ठोकू नका. पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करायला कायद्याने बंदी आहे. आणि ते पाचवं तळं तुम्हालाच दिसलंय असं समजू नका हं! पहिल्या दिवशी तिथे जत्रा असेल. मी असतो तर तळ्याकडे येणारी वाट धरून वर गेलो असतो, दाट जुनिपरच्या झाडांच्या सावलीपर्यंत. नर दिवसा तिथेच पडून असतात.

उत्तर २
मांसाचं काय ठरवलंय? उन्हात कातडं लगेच उतरवलं नाही तर मांडीचं मांस हाडापासून नासायला लागतं. माझं एकदा तसंच गेलं, अजून जीव हळहळतो. गाडीत बर्फाच्या पेट्या आधीच भरून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता
पाव मैलाचं डोक्यातच नव्हतं, वाचवलंत. वाट धरून वर जाऊन बघतो. बर्फ जास्तच घेतो.